वेशीपाशी अडलेली वाट

मराठीत ‘चौक’ हा शब्द घरातलाही आहे आणि रस्त्यावरचाही. वाड्याच्या मधोमध, चारही बाजूंच्या सोप्यांनी वेढलेली जी उघडी जागा असते, जिथे तुळशीवृंदावन असते, वाळवणे पसरली जातात आणि आल्यागेल्याची ऊठबस होते, तिला चौक म्हणत. गावात चार वाटा एकत्र येतात त्या जागेलाही हेच नाव आहे. वाड्याचा चौक गवंडी सूत लावून आखतो. काही शहरांचे चौकही असेच आखलेले आहेत. दिल्लीचा चांदणी चौक १६५० मध्ये शाहजहानची मुलगी जहांआरा हिने आखून घेतला होता, आणि युरोपातील जुन्या शहरांत नगरसभागृह किंवा चर्च यांच्यासमोरची फरसबंद जागा हेतुपुरस्सर रिकामी ठेवलेली दिसते. वऱ्हाडातील चौकांच्या वाट्याला अशी आखणी फारशी आलेली नाही. अमरावतीचा गांधी चौक किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातील वेशींपुढच्या जागा यांच्याकडे नगररचनेचा नमुना म्हणून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण तिथे प्रमाणबद्धता नाही, भोवतीच्या इमारतींत एकसारखेपणा नाही आणि मधोमध काय असावे याविषयी कुणाचा विचारही दिसत नाही. त्या जागा समजतात त्या दुसऱ्याच प्रश्नाने: इथे येणारी वाट पूर्वी कोण अडवीत असे, आणि कशासाठी?

भिंत आधी, मोकळी जागा मागाहून

अमरावतीचे जुने नाव उंबरावती किंवा उदुंबरावती असल्याचे सांगतात आणि अंबादेवीचे ठाणे तर रुक्मिणीहरणाच्या कथेशी जोडले जाते. परंतु आजच्या जुन्या शहराला आकार दिला तो देवीने नव्हे, व्यापाऱ्यांच्या भीतीने. डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क संपला आणि प्रांत निजामाकडे गेला. त्याआधी दोन्ही सरकारांचा अंमल एकाच रयतेवर चालत असे, ज्याला ‘दुअमली’ म्हणत. वसुलीला दोन धनी आणि रक्षणाला एकही नाही, असा त्याचा रोजचा अर्थ होता. तहानंतर धनी एक झाला तरी पेंढारी, म्हणजे पगाराऐवजी लुटीवर जगणाऱ्या घोडेस्वारांच्या टोळ्या, प्रांतात फिरतच होत्या, आणि अमरावतीच्या सावकारांकडे लुटण्याजोगे पुष्कळ होते. म्हणून १८०७ च्या सुमारास निजाम सरकारने शहराभोवती दगडी तट उभारायला घेतला. त्याला अमरावतीकर आजही ‘परकोट’ म्हणतात. त्याची उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या.

यातला ‘खिडकी’ हा शब्द नव्या वाचकाला चकवतो. तटाची खिडकी म्हणजे हवा-उजेडाची खिडकी नव्हे, तर माणूस जेमतेम वाकून जाईल अशी छोटी वाट. मोठे दरवाजे सांजेला बंद झाले की उशिरा आलेल्या पायी माणसाला तिथून, ओळख पटवून, आत घेत. बैलगाडीला आणि उंटाला मात्र ती सोय नव्हती. ज्याच्याकडे माल आहे त्याला रात्र दरवाजाबाहेरच काढावी लागे आणि ज्याचे हात रिकामे आहेत तो आत जाऊ शके, हा या रचनेचा परिणाम पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ आहे. चारांपैकी एका खिडकीचे नाव ‘खुनारी’. १८१८ च्या मोहरमात तिच्याजवळ झालेल्या मारामारीत ७०० माणसे मेल्याचे सांगतात आणि नाव त्यावरून पडले असे म्हणतात. आकडा फुगवलेला असू शकतो. अरुंद वाटेपाशी दोन जमाव समोरासमोर आले की काय होते, हे मात्र त्या नावाने पक्के धरून ठेवले आहे.

दरवाजांपैकी अंबा, जवाहर, नागपुरी आणि खोलापुरी ही नावे आजही पत्त्यांत, रिक्षावाल्यांच्या तोंडी आणि पोलीस ठाण्यांच्या पाट्यांवर आहेत. नागपुरी आणि खोलापुरी ही नावे दरवाजाची नसून त्यातून निघणाऱ्या वाटेची आहेत. गावाकडून येणाऱ्याला ती दिशा सांगतात, तर आतल्या माणसाला बाहेर काय आहे ते सांगतात.

दरवाजा काम कसा करतो, हे जवाहर गेटसारख्या अजून उभ्या असलेल्या कमानीखाली थोडा वेळ थांबले की उलगडते. दोन्ही बाजूंनी येणारा रस्ता कमानीपेक्षा रुंद आहे. त्यामुळे कमानीच्या अलीकडे वाहनांचा एक पसरट घोळका आपोआप तयार होतो, त्यातून एकेक दुचाकी आणि मालाची एखादी हातगाडी रांग धरून आत शिरते, आणि आत शिरताच पुन्हा पांगते. पूर्वी हेच बैलगाड्यांचे होत असे, फरक इतकाच की तेव्हा कमानीखाली पहारेकरी असत, माल मोजला जाई आणि त्यावरची जकात घेतली जाई. मोजणी होईपर्यंत गाडी उभी, गाडी उभी म्हणून बैल सोडलेले, बैल सोडले म्हणून कडबा विकणारा आलेला, गाडीवान भुकेला म्हणून भाकरी-चटणीचे पाल उभे राहिलेले, आणि इतकी माणसे थांबलीच आहेत तर कुणी न्हावी, कुणी नालबंद, कुणी मालाचा भाव विचारणारा दलाल. दरवाजाच्या आतबाहेर अशी जी थांबलेल्यांची जागा तयार होते तिला कुणी चौक म्हणून जन्म दिलेला नसतो. पुढे तट निरुपयोगी झाला, पहारेकरी गेले. थांबायची सवय राहिली.

वारांची आणि मालांची नावे

आतल्या शहराची नावे वाचत गेले तर बाजाराचे वेळापत्रकच हाती येते. इतवारा आणि बुधवारा हे आठवडी बाजारांचे वार आहेत. सक्करसाथ म्हणजे साखर-गुळाची पेठ, कारण ‘साथ’ हा शब्द इकडे मालाच्या एकत्र येण्याच्या जागेसाठी वापरला जातो. भाजीबाजार आणि सराफा यांना खुलाशाची गरज नाही. एकाच मालाचे व्यापारी एकाच गल्लीत बसण्यामागे स्पर्धा टाळण्यापेक्षा ती डोळ्यांसमोर ठेवण्याचा हेतू अधिक असे, कारण शेजारच्या दुकानात भाव काय निघाला हे ऐकू आले पाहिजे.

या साऱ्या मालांत अमरावतीचे नाव जगभर नेले ते कापसाने. रेल्वेपूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरच्या, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने पुढे. १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने या वाटेने कलकत्त्याला एक लाख बैलांचा माल रवाना केल्याचे इंग्रजी गॅझेटिअर सांगते. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या दलालांनी ‘उमरावती’ हे नाव तोडून ‘ऊमरा’ केले आणि वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला त्या नावाने भाव लावू लागले. अमरावती कधी न पाहिलेल्या माणसांच्या वहीत शहराचे नाव अशा रीतीने मालाची जात म्हणून बसले.

पैसा एका जागी साठला की राग त्याच जागी येतो. १८४८ च्या महागाईत धनराज साहू नावाच्या धनिकाने तांदूळ मोठ्या प्रमाणात विकत घेऊन ठेवला, तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्याला ठार केले, अशी नोंद आहे. पेंढाऱ्यांपासून सावकारांना वाचवण्यासाठी बांधलेल्या तटाच्या आतच, आणि आतल्याच माणसांकडून हे घडले.

शहराने तोंड फिरवले

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, तो अकोल्यावरून आणि बडनेऱ्यावरून. अमरावती मुख्य मार्गावर आली नाही. बडनेऱ्याहून सहा मैलांचा फाटा काढून तिला जोडावे लागले, आणि तो फाटा शहरापाशी येऊन संपला. अमरावती स्थानकात शिरणारी गाडी आजही पुढे जात नाही. रूळ संपतात तिथे माल उतरतो, माल उतरतो तिथे हमाल राहतात; लगतच्या वस्तीचे नाव हमालपुरा आहे, यात नवल नाही.

फाट्याने शहराचे तोंड फिरवले. पूर्वी माल दरवाजातून आत येई, आता तो तटाबाहेर, रुळांपाशी जमू लागला. जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करण्याचा कारखाना, आणि प्रेस, म्हणजे रुईची दाबून गठाण बांधण्याचा कारखाना, दोघांनाही मोकळी जमीन आणि रूळ हवे होते, आणि तटाच्या आत दोन्ही नव्हते. तटाबाहेर कचेऱ्या आल्या, बंगले आले, वकिलांचे वाडे आले. परकोटाचे दरवाजे आणि नवे स्थानक यांच्या मधल्या पट्ट्यात, दोन्हीकडच्या लोकांना रोज ओलांडाव्या लागणाऱ्या जागी, आज राजकमल चौक आहे. तिथून गांधी चौकाकडे आणि पुढे अंबादेवीकडे जाणारा रस्ता हा नव्या गावातून जुन्या गावात शिरण्याचा रस्ता आहे. थोडक्यात, जवाहर गेट करीत असे ते काम राजकमल चौकाकडे आले, फक्त कमान उभारली गेली नाही.

रुमालाखालचा भाव

कापसाचा बाजार कसा चाले हे समजल्याशिवाय वऱ्हाडातील मोकळ्या जागांचे महत्त्व लक्षात येत नाही. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे इकडची बैलगाडी, पहाटे बाजारात येऊन लागे. शेतात पहिल्या वेचणीच्या आधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ झालेली असे. आता तोच पांढरा ढीग ताडपत्रीखाली दडपून आणलेला असे. खरेदीदाराचा माणूस ढिगात खांद्यापर्यंत हात घालून आतली मूठ बाहेर काढी, कारण वरचा कापूस नेहमीच चांगला असतो. मुठीतला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून तो हलकेच ओढला जाई आणि तुटलेल्या टोकांवरून धागा किती लांब आहे हे पाहिले जाई. मग तो गालाला लावून ओल तपासली जाई, वाळक्या पानांचा कचरा किती, कवडी, म्हणजे किडीने डागाळलेला पिवळट कापूस, किती मिसळला आहे, मोसम संपल्यावर त्याच पऱ्हाटीवर घेतलेली फरदड तर नाही ना, हे सारे बोलण्याआधी ठरे.

भाव मात्र बोलला जात नसे. आडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून आकडे ठरत, आणि बंडीवर बसलेल्या मालकाला, ज्याचा कापूस होता त्याला, शेवटचा आकडा तेवढा सांगितला जाई. त्यातूनही आडत, हमाली, तोलाई, ओलीपोटी धरलेला कडता आणि कुठल्याशा देवळाचा वा गोशाळेचा धर्मादाय अशा कपाती निघत. वजनाचा काटाही खरेदीदाराचाच.

या अंधाराला पहिला कायदेशीर दिवा लागला तो वऱ्हाडातच. १८८६ मध्ये, त्या वेळी वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. नियंत्रित बाजार म्हणजे ज्या जागेची हद्द ठरलेली आहे, जिथे दलाल आणि मापाऱ्यांना परवाना घ्यावा लागतो, फी ठरलेली असते आणि भांडण झाले तर ते मिटवायला समिती असते असा बाजार. कायद्याने जागेला हद्द दिली, ही साधी दिसणारी गोष्ट मोठी होती, कारण त्यामुळे बाजार रस्त्यावरून उठून आवारात गेला आणि चौकाला बाजारापासून पहिल्यांदा मोकळीक मिळाली. समित्यांवर मात्र व्यापारीच बसले. पिकवणाऱ्याला तिथे पुरेशी जागा मिळायला पुढची कित्येक दशके जावी लागली. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे मूळ या कायद्यात आहे, आणि तिच्याविषयीच्या तक्रारींचेही.

१९७२ मध्ये राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली, तेव्हा काही काळ खरेदीदार एकच उरला. रुमाल गेला आणि रांग आली; केंद्राबाहेर बंड्या आणि ट्रॅक्टर एकामागे एक उभे राहू लागले, आणि वेशीबाहेर रात्र काढण्याची जुनी पद्धत सरकारी शिक्क्यानिशी परतली.

बाजार उठला, सभा बसली

१८९७ या एकाच वर्षी वऱ्हाडात बाजाराचा कायदा झाला आणि डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, हा योग वाटतो तितका निव्वळ योगायोग नव्हे. सी. शंकरन नायर अध्यक्ष असलेल्या या अधिवेशनाची स्वागतसमिती अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांच्या नेतृत्वाखाली होती, आणि अशा सभांना लागणारा पैसा, मांडव व माणसे पुरवणारा वर्ग कापसाच्या आडतीवर आणि त्यातून उद्‌भवणाऱ्या दाव्यांवर उभा राहिलेला होता. पूर्वी जिथे गाड्या मोजल्या जात, त्या भागात आता टाळ्या मोजल्या जाऊ लागल्या.

चौक सर्वांचा असतो हे म्हणणे किती सैल आहे, ते १९२७ मध्ये उघड झाले. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा ही मागणी अमरावतीत उभी राहिली, तिला स्थानिक पुढारी पंजाबराव देशमुखांनी पाठिंबा दिला, आणि १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबा गेटपासून मंदिराकडे जाणारी वाट सर्वांच्या पायांखालची होती, परंतु उंबरठा नव्हता. तटाचे दरवाजे निकामी झाले तरी शहरातला सर्वांत भक्कम दरवाजा शाबूत होता. ज्या इर्विन चौकाला व्हाइसरॉयच्या नावाच्या रुग्णालयावरून नाव मिळाले, तिथे आज आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथली गर्दी सरकत नाही. चौकाचे नाव एकाचे, पुतळा आणि त्यासाठी जमणारी माणसे दुसऱ्याची, ही विसंगती वऱ्हाडात कुणाला खटकत नाही.

मोर्णेच्या दोन तीरांवर

अकोल्यात हीच गोष्ट नदीने वेगळ्या रीतीने घडवली. मोर्णेच्या पश्चिमेला जुने शहर आणि त्याचा असदगड. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून किल्ल्याला हे नाव पडले आणि १६९७ मध्ये तो बांधल्याचे सांगितले जाते. दहीहांडा वेशीवरचा लेख ते श्रेय असदखानाच्या काळाला देतो, तर अगरवेशीवरचा लेख १८४३ मध्ये गोविंद आप्पाजीने किल्ला बांधला असे म्हणतो. दोन वेशींनी एकाच किल्ल्याचे दोन बाप सांगावेत, यात खोटेपणापेक्षा दुरुस्तीचा अभिमान अधिक असावा. तट कोसळत आणि जो तो उभा करी तो आपले नाव कोरी. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तट पाडला, आणि किल्ल्याच्या मधल्या भागात, हवाखान्यात, पुढे शाळा भरू लागली.

तोवर रेल्वे, कचेऱ्या आणि कापसाचा बाजार नदीच्या पूर्वेकडे उभे राहिले होते. अमरावतीत नवे आणि जुने गाव एका रस्त्याने शिवले गेले, अकोल्यात मात्र मध्ये पात्र होते, आणि म्हणून इथे चौकाइतकेच महत्त्व पुलाला आले. अमरावतीसारखे इथल्या वेशीचे नावही वाटेचेच आहे: दहीहांडा वेस ज्या गावाकडे तोंड करून आहे त्या दहीहांड्याला, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरींचे पाणीच खारट आहे, एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडचा मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या प्रांताने विहिरीचे पाणी आटवून कायदा मोडला.

अकोल्याच्या चौकांना वर्षातून एकदा जुने काम परत मिळते. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचे पाणी घेऊन गांधीग्रामहून निघालेल्या कावडी सुमारे १८ किलोमीटर पायी चालत राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. १९४४ च्या अवर्षणात ही प्रथा सुरू झाल्याचे अकोलेकर सांगतात. कावड म्हणजे खांद्यावरचा आडवा बांबू आणि त्याला टांगलेले पाण्याचे कलश, ज्यांना ‘भरणे’ म्हणतात. मंडळांच्या मोठ्या कावडींना भरण्यांच्या रांगाच्या रांगा असतात आणि त्या पेलायला माणसे आळीपाळीने खांदा देतात. खांदा बदलायला कावड थांबवावी लागते, आणि ती थांबते चौकात, कारण तेवढी रुंदी दुसरीकडे मिळत नाही. नव्या वस्त्यांतून बाजारात, बाजारातून नदीपार, आणि मग जुन्या शहराच्या गल्ल्यांत, असा हा ओघ शहर ज्या दिशेने वाढत गेले त्याच्या उलट वाहतो.

पुलाखालची सावली

अमरावती १९८३ मध्ये महानगरपालिका झाली, अकोला २००१ मध्ये. जकात गेली, नाके उठले, आणि गाडी थांबवण्याचा अधिकार सिग्नलच्या खांबाकडे आला. अमरावतीच्या मुख्य रस्त्यावर आता उड्डाणपूल आहेत, ज्यांचा उद्देशच चौकात कुणी थांबू नये हा आहे. वरून जाणारा खरोखरच थांबत नाही. पण पुलाने खाली जी लांबलचक सावली टाकली तिच्यात ऑटो उभे राहिले, फळांच्या गाड्या लागल्या, आणि खेड्यावरून आलेली माणसे पिशव्या पायांशी ठेवून बसू लागली. थांबणाऱ्यांना अभियंत्यांनी नकळत छप्पर दिले.

परकोटाची स्थिती मात्र वाईट आहे. कुठे तटाला पाठ लावून घरे उभी आहेत आणि कुणाच्या स्वयंपाकघराची मागची भिंत १८०७ ची आहे. कुठे दगडांच्या सांध्यांतून पिंपळ वर आला आहे आणि त्याची मुळे चिऱ्यांना हळूहळू बाहेर ढकलत आहेत. जतनाच्या मागण्या होत असतात, परंतु तटाचे जतन म्हणजे त्याला टेकलेल्या घरांचे काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय ते काम पुढे सरकणारे नाही.

नवरात्रात राजकमल चौकापासून गांधी चौकाकडे जाणाऱ्या तोंडावर पोलीस लोखंडी कठडे आडवे लावतात आणि वाहने तिथेच थोपवली जातात. दुचाक्या लावून, चपला हातात घेऊन, पोराला खांद्यावर बसवून माणसे पायी पुढे निघतात. कठड्याच्या अलीकडे पहिल्या संध्याकाळपासूनच फुगे, बांगड्या, उसाचा रस आणि पोळ्या लाटायचे पोळपाट मांडले जातात, आणि त्यांच्याच बाजूला, हाताने रेटत मालाची गाडी नेणारा एकजण ती आत सोडावी म्हणून शिपायाशी हुज्जत घालत उभा असतो.